नव्वद मिनिटांची वाटणी

फुटबॉलच्या सामन्याची बातमी वाचताना एक गोष्ट सहसा आपल्या लक्षात येत नाही. गोल कोणी केला, कितव्या मिनिटाला केला, पिवळे कार्ड कोणाला दाखवले, हे सारे छापून येते. बाकावर कोण बसून राहिले हे मात्र कुठेच येत नाही. सामना संपल्यावर घामाने निथळणारी अकरा पोरे एकमेकांच्या गळ्यात पडतात, आणि त्यांच्या शेजारी कोरड्या, इस्त्री न मोडलेल्या बनियनमधली पाच-सात पोरे टाळ्या वाजवत उभी असतात. या कोरड्या कपड्यांतल्या पोरांविषयी मला आज लिहायचे आहे.

मी गेली पंचवीसेक वर्षे वसईतल्या शाळांच्या आणि गावोगावच्या स्पर्धांत पंच म्हणून उभा राहतो. सामन्याआधी दोन्ही संघांच्या याद्या पंचाच्या हातात येतात. वर अकरा नावे, मग एक आडवी रेघ, आणि रेघेखाली राखीव खेळाडूंची नावे. इतक्या वर्षांत माझी खात्री झाली आहे की संघाची खरी ओळख रेघेवरच्या नावांतून होत नाही. रेघेखालच्या नावांचे पुढे काय होते, यावरून होते. काही संघांत ती नावे सामन्यागणिक वर-खाली होतात. काही संघांत मात्र तीच चार नावे स्पर्धाभर रेघेखाली राहतात. पुढच्या वर्षी ती यादीतच नसतात, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तो मुलगा मैदानाकडे फिरकलेला नसतो. असा खेळाडू नेमका कोणत्या दिवशी गमावला, हे कोणालाच सांगता येत नाही.

हिशेब अगदी साधा आहे. अकरा खेळाडू, प्रत्येकी नव्वद मिनिटे. म्हणजे एका सामन्यात एका संघाकडे ९९० मिनिटे असतात. त्याहून एक जास्त नाही. इंडियन सुपर लीगमध्ये २०२४-२५च्या हंगामात प्रत्येक क्लब साखळीतले २४ सामने खेळला. म्हणजे वर्षाची पुंजी २३,७६० मिनिटांची. क्लबात तीस खेळाडू धरले आणि अगदी काटेकोर समान वाटणी केली, तर प्रत्येकाच्या वाट्याला ७९२ मिनिटे, म्हणजे पुरते नऊ सामनेही येत नाहीत. अर्थात अशी वाटणी कोणीच करत नाही, करूही नये. पण प्रशिक्षक खरोखर काय वाटत असतो, हे या आकड्यांवरून कळते. तो जागा वाटत नाही, वेळ वाटतो.

आमच्या वसईकरांना वाटणी ही गोष्ट नव्याने समजावून सांगायला नको. वाडीत चार भावांची मिळून एक विहीर असते आणि पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. ज्याची केळी आधीच तरारून आली आहेत त्यालाच रोज पाणी, आणि ज्याच्या वाफ्यात पानवेल सुकते आहे त्याने बांधावर बसून बघायचे, अशी पद्धत असती तर एव्हाना सगळ्या वाड्या कोर्टात गेल्या असत्या. (काही तशाही गेल्या आहेत, ती गोष्ट वेगळी.) पण मुलांच्या संघात नेमके हेच चालते आणि त्याला आपण ‘कॉम्पिटिशन’ म्हणतो.

मुळात बदली खेळाडू ही कल्पनाच फुटबॉलमध्ये उशिरा आली. सुरुवात केलेल्या अकरांनीच सामना संपवायचा, कोणी जायबंदी झाला तर दहांनी खेळायचे, असा जुना शिरस्ता. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारले आणि भारत पुढे चौथा आला, तेव्हाचे फुटबॉल हे असे होते. विश्वचषकात बदली खेळाडूला परवानगी मिळाली ती १९७०मध्ये, मेक्सिकोत, आणि तीही दोघांनाच. ३१ मे रोजी पहिल्याच सामन्यात सोव्हिएत युनियनचा अनातोली पुझाच मध्यंतरानंतर मैदानात उतरला आणि विश्वचषकातला पहिला बदली खेळाडू ठरला. त्याच स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात पश्चिम जर्मनीचे दोन्ही बदल वापरून झाले होते, म्हणून खांदा निखळलेला बेकेनबावर हात छातीशी बांधून शेवटपर्यंत खेळत राहिला. त्या छायाचित्राचे आपण कौतुक करतो. करावेच. पण दोनाच्या जागी तीन बदल असते तर त्या बिचाऱ्याला ते करावे लागले नसते, हेही खरे.

पुढे दोनाचे तीन झाले आणि बरीच वर्षे तीनच राहिले. २०२०मध्ये कोरोनामुळे सामने खोळंबले, मग थोड्या दिवसांत पुष्कळ सामने उरकायची वेळ आली, तेव्हा तात्पुरती सोय म्हणून पाच बदलांना मुभा मिळाली. २०२२मध्ये तोच कायमचा नियम झाला. यावर इंग्लंडमध्ये बराच वाद झाला. पाच बदलांचा फायदा श्रीमंत क्लबांना होईल, त्यांच्या बाकावर बसलेले खेळाडूही आमच्या पहिल्या अकरांहून महाग असतात, असे लहान क्लबांचे म्हणणे होते. म्हणणे खोटे नव्हते. तरीही मला हा बदल मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे मैदानावर पाऊल ठेवणारे सोळा झाले. बाक हा शिक्षेचा कोपरा न राहता संघाचाच भाग झाला.

बाकावरच्या माणसाने काय करून दाखवले, याचे दाखले कमी नाहीत. १९९९च्या मे महिन्यात बार्सिलोनात मँचेस्टर युनायटेड बायर्न म्युनिककडून हरल्यातच जमा होते. जादा मिळालेल्या दोन-तीन मिनिटांत शेरिंगहॅम आणि सोल्सकियर यांनी दोन गोल केले आणि चषक फिरवला. दोघेही बदली म्हणून आलेले. २०१४च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा गोल करणारा मारिओ गोट्झे ८८व्या मिनिटाला उतरला होता. ही उदाहरणे सर्वांच्या तोंडी असतात. मला मात्र त्याच स्पर्धेतले एक लहानसे दृश्य अधिक आवडते. तिसऱ्या क्रमांकाचा सामना नेदरलँड्सने ब्राझीलविरुद्ध जवळजवळ जिंकलेला होता. शेवटच्या क्षणी प्रशिक्षक व्हॅन गाल यांनी गोलकीपर बदलला आणि मिशेल वॉर्मला आत पाठवले. त्याच्यापर्यंत चेंडू आला काय, न आला काय. पण त्यामुळे विश्वचषकात आपले तेवीसच्या तेवीस खेळाडू खेळवणारा नेदरलँड्स हा पहिला संघ ठरला. मिनिटभराचाच खेळ, पण वॉर्म आयुष्यभर सांगेल की मी विश्वचषक खेळलो, आणि ते खरे असेल.

आता आपल्याकडे वळू. वसईच्या ख्रिस्ती गावांत फुटबॉल बाहेरून आणावा लागला नाही. निर्मळ, गास, भुईगाव, गिरीज, नंदाखाल या पट्ट्यात भात कापून शेते मोकळी झाली की पोरांचे पाय शिवशिवू लागतात. पण गावच्या शेतातून व्यावसायिक संघापर्यंतचा रस्ता विरार लोकलमधून जातो. पृथ्वी शॉ लहानपणी विरारहून भलेमोठे किट घेऊन वडिलांबरोबर लोकलने मुंबईला जायचा, ही गोष्ट आता सर्वांना पाठ झाली आहे. २०१३मध्ये हॅरिस शील्डमध्ये त्याने ५४६ धावा केल्या आणि त्या गर्दीतल्या प्रवासाचे चीज झाले. पण त्याच लोकलने बूट पिशवीत घालून जाणाऱ्या आणि न खेळता परत येणाऱ्या पोरांची गोष्ट कोण सांगणार?

वांद्र्याला किंवा कुपरेजला सकाळचा सामना असला की वसईतल्या घरात पाचला दिवा लागतो. आई डबा करते. बाप कामावर जाणार नसला तर सोबत येतो, नाहीतर आईच येते. वसई रोडला ती गर्दी. जायला-यायला मिळून तीन तास, मैदानावर तीन तास, आणि एवढे करून खेळायला मिळतात सात मिनिटे. कधी तीही नाहीत. अशाच एका मुलाची आई एकदा मध्यंतराला माझ्यापाशी आली. मी कोण, माझे काम काय, याची तिला नीट कल्पना नसावी. ती म्हणाली, ‘‘सर, आजतरी घेतील का हो त्याला? आज त्याची आजीपण आलीय बघायला.’’ पंचाने अशा वेळी काय बोलायचे, हे नियमांच्या पुस्तकात नाही. आजी कडेच्या कठड्यावर छत्री उघडून बसली होती. मुलाला घेतले नाही. संघ पाच-शून्यने जिंकला.

पाच-शून्य! चार गोलांची आघाडी असताना त्या मुलाला अर्धा तास दिला असता तर कोणाचे काय बिघडले असते? त्या अकादमीचे नाव मी घेत नाही, कारण ही तिची एकटीची गोष्ट नाही. महिन्याची फी सर्वांकडून सारखी घेतात, बनियन सर्वांना सारखाच विकतात, फक्त खेळ सारखा देत नाहीत. शिकवणीच्या वर्गात फी भरलेल्या मुलाला तासभर दाराबाहेर उभे केले तर आपण भांडायला जाऊ. मैदानावर मात्र ‘कोचना कळते’ म्हणून गप्प बसतो.

याउलट गंमत पाहा. आता वसई, नालासोपारा, विरार सगळीकडे जाळी लावलेली, प्लास्टिकच्या गवताची टर्फ निघाली आहेत. तासाच्या भाड्याने मिळतात. पोरे कॉन्ट्री काढून रात्री खेळायला जातात. तिथे कोच नाही, पंच नाही, पण खेळायला कोणी शिल्लक राहत नाही. ठरावीक मिनिटे झाली की मोबाइल वाजतो, दोघे बाहेर, दोघे आत. गोलकीपर तर आळीपाळीने, कारण ती जागा कोणालाच नको असते. प्रत्येकाने पैसे भरलेत, मग प्रत्येकजण खेळणार, हा न्याय चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांना कोणी न शिकवता कळतो.

अमेरिकेत गेलेल्या मराठी घरांतली मुले ज्या मुलांच्या सॉकर संघटनांत खेळतात त्यांतली एक, आयसो, १९६४ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली. ‘सगळे खेळतील’ हेच तिचे ब्रीद. प्रत्येक मुलाला किमान अर्धा सामना मिळालाच पाहिजे असा तिचा नियम. यावर आपल्याकडे लगेच कोणीतरी म्हणेल, की अशाने विजेते घडत नाहीत. बारा वर्षांच्या मुलांच्या सामन्यातून विजेते घडवायचे असतात, असे कोणी ठरवले? त्या वयात घडवायचे असतात ते खेळाडू. आज पहिल्या अकरात असलेला मुलगा बहुधा वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेला, लवकर उंच झालेला असतो. सोळाव्या वर्षी सगळे सारखे उंच होतात. तोवर बाकावरचा मुलगा घरी गेलेला असतो.

व्यावसायिक फुटबॉलला हाच न्याय लावता येणार नाही, हे मलाही कळते. तिथे पगार आहे, गुण आहेत, हरला तर प्रशिक्षकाची नोकरी जाते. शिवाय सतत उलथापालथ करणे हेही शहाणपणाचे नाही. बचावफळीतल्या चौघांना एकमेकांचे श्वास कळावे लागतात, आणि गोलकीपर दर आठवड्याला बदलणारा संघ मी तरी वर चढलेला पाहिला नाही. २०१५-१६मध्ये लीस्टर सिटीने बहुतेक तेच अकरा जण घेऊन इंग्लंडची लीग जिंकली, सर्वांत कमी बदल करून. हे उदाहरण मी टाळणार नाही. पण लीस्टर त्या वर्षी युरोपातल्या स्पर्धांत नव्हता, आठवड्याला एकच सामना खेळत होता, हेही सोबत सांगायला हवे. तीन-चार दिवसांआड सामने असले की तेच अकरा पाय किती चालणार? मांडीच्या मागचा स्नायू प्रशिक्षकाचे ऐकत नाही.

आणि खेळायला मिळणे ही गोष्ट केवळ प्रशिक्षकाच्या मर्जीवर नसते, ती नियमांनी घडवता येते, हे आपल्या लीगनेच दाखवले आहे. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा मैदानावरच्या अकरांत पाच भारतीय असले तरी चालत होते, सहा परदेशी. २०१७-१८पासून भारतीय सहा झाले, २०२१-२२पासून सात. नुसत्या दोन ओळींच्या फेरबदलाने प्रत्येक क्लबात दर सामन्याला १८० मिनिटे भारतीय पायांना मिळाली. कोणाचे कौशल्य रातोरात वाढले नव्हते, वाटणी बदलली होती.

तरी एक जागा तशीच राहिली. गोल मारायची. बहुतेक क्लबांनी पुढची मधली जागा परदेशी खेळाडूसाठी राखून ठेवली आणि भारतीय मुलांना कडेला ढकलले. परिणाम काय झाला? ६ जून २०२४ रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्ध सुनील छेत्रीने देशासाठी निरोपाचा सामना खेळला. डोळे पुसून लोक घरी गेले. आणि २०२५च्या मार्चमध्ये त्याच छेत्रीला परत बोलवावे लागले, कारण गोल मारणारा दुसरा कोणी सापडेना. त्या हंगामात चाळिशीतल्या छेत्रीने लीगमध्ये १४ गोल केले. इतर कोणाही भारतीयापेक्षा जास्त. छेत्रीला सलामच. पण एकशेचाळीस कोटींच्या देशात चाळीस वर्षांच्या माणसाला निवृत्तीतून उठवावे लागते, यात त्याच्या मोठेपणाइतकीच आपल्या बाकांची गोष्ट आहे.

या दुखण्यावर एक चांगला उपाय आपण करून पाहिला होता. २०१०मध्ये फुटबॉल महासंघाने केवळ तरुण मुलांचा एक संघ काढला, पुढे त्याला इंडियन अ‍ॅरोज नाव पडले. मोठ्या क्लबांत बाकावर कुजण्यापेक्षा या मुलांनी हरत का होईना, पण दर आठवड्याला खेळावे, हा विचार. २०१३मध्ये तो बंद केला. २०१७मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, तेव्हा त्या संघातल्या मुलांसाठी तो पुन्हा उभा केला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव विश्वचषकानंतर त्याच संघातून खेळला आणि तिथून पुढे सुपर लीगमध्ये गेला. २०२२मध्ये अ‍ॅरोज पुन्हा बंद! विहीर खणायची, पाणी लागले की बुजवायची, असा हा प्रकार.

मुंबईपुरते बोलायचे तर पूर्वी दारे तरी जास्त होती. २००८-०९च्या आय-लीगमध्ये मुंबईचे तीन संघ होते: महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी. तीन संघ म्हणजे आठवड्याला तीन वेळा ९९० मिनिटे, तीही बरीचशी इथल्याच मुलांसाठी. महिंद्र २०१०मध्ये बंद झाला, एअर इंडियाचा संघ मागे पडला, मुंबई एफसीने २०१७नंतर गाशा गुंडाळला. आज पहिल्या श्रेणीत मुंबई सिटी एकटा आहे. तो संघ मोठा आहे यात शंका नाही. २०२२च्या एप्रिलमध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला, आणि त्यातला विजयी गोल डोक्याने मारला तो मुंबईच्याच राहुल भेकेने. हाच भेके पूर्वी मुंबई एफसीकडून खेळलेला. आज वसईतल्या एखाद्या अठरा वर्षांच्या बचावपटूला तसे मधले दार कुठे आहे?

त्यातच २०२५च्या जुलैत इंडियन सुपर लीगच थांबवून ठेवण्यात आली. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला होता, नवा ठरत नव्हता. काही क्लबांनी पगार देणे थांबवले, आणि वर्षाचे उरलेले महिने लीगच्या सामन्याविना गेले. कायम पहिल्या अकरात असलेले, ज्यांना बाक म्हणजे काय ते ठाऊक नव्हते, असे खेळाडूही ‘आम्हाला खेळू द्या’ म्हणून जाहीर विनवण्या करू लागले. ते वाचताना मला कठड्यावर छत्री उघडून बसलेली ती आजी आठवली.

महासंघाचे काय व्हायचे ते होवो. आपल्या हातात आहे ते आपल्या गावचे मैदान. आमच्या इथल्या चौदा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धेसाठी मी यंदा एक नियम सुचवला: यादीत नाव आहे त्या प्रत्येक मुलाने साखळी सामन्यात किमान एक अर्ध खेळलाच पाहिजे, नाहीतर त्या संघाला विजयाचे पूर्ण गुण नाहीत. बैठकीत अपेक्षेप्रमाणे गलका झाला. गेल्या वर्षी जिंकलेल्या गावाचे म्हणणे, अशाने खेळाचा दर्जा घसरेल. एकाचे म्हणणे, मग संघ यादीत अकराच नावे देतील. (मुद्दा बरोबर होता, म्हणून किमान चौदा नावांची अट घातली.) उपान्त्य आणि अंतिम सामन्याला नियम नको, ही तडजोड मी मान्य केली. मिनिटांची नोंद कोणी ठेवायची, यावर सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. ठेवीन, त्यात काय.

सगळे ठरले असे वाटत असताना मागून कोणीतरी विचारले, ‘‘आणि राखीव गोलकीपरचं काय?’’ त्यावर रात्री साडेअकरापर्यंत वाद चालला. अखेर त्यालाही अर्धा सामना द्यायचा असे ठरले, पण पहिला अर्ध की दुसरा, हे ज्या त्या संघावर सोडले. याद्या १५ डिसेंबरपर्यंत मागवल्या आहेत.